बाजरीचं गार्ड सॅम्पल

“दिशा दाखवणारा टाका सापडला नाही. नमुना एका बाजूने कापलेला आहे, त्या कडेबद्दल मत देता येत नाही.” डॉक्टर शौनक मोबाईलवर आलेल्या लॅबच्या इंग्रजी रिपोर्टाचं मनात मराठी करत, अडत अडत वाचत होता आणि मी भिंतीवरच्या लाळ्या-खुरकुताच्या पोस्टरमधल्या म्हशीकडे बघत होतो. म्हशीला कुणीतरी पेनानं मिशा काढल्या आहेत. बाजरी, म्हणजे आमची अकरा वर्षांची कुत्री, माझ्या बुटावर हनुवटी टेकून पडली होती. टाके काढून दहा दिवस झाले होते. पोटाच्या डाव्या अंगाला, केस भादरलेल्या जागी एक गुलाबी रेघ होती आणि तिच्या कडेनं नवी करडी लव उगवायला लागली होती. “सापडला न्हाई म्हंजे?” माझी बायको गंधाली खुर्चीत पुढे सरकली. “तुम्हीच बांधल्ता ना?” “काकू, मी सोता बांधल्ता. काळा धागा. गाठीची डोक्याकडची बाजू कोणती, ते तिथल्या डॉक्टरला कळावं म्हणून.” मग तो मागे वळला. “वसंता, गाठ बाटलीत कुणी टाकली?” वसंता हा दवाखान्यातला मदतनीस, पन्नाशीचा, शौनकच्या आधीच्या डॉक्टरपासूनचा. “मीच टाकली की साहेब. धागा व्हता. काळा. मी डोळ्यानं पाह्यला.” “मंग गेला कुठं? विरघळला?” “आता ते मला काय म्हाईत—” “तुला कधी काय म्हाईत असतं!” एरवी हा पोरगा त्याला वसंतभाऊ म्हणतो, अहोजाहो करतो. आज एका वाक्यात भाऊ गेला, दुसऱ्यात अहो गेलं. मी हे नोंदवलं. नोंदवणं हे माझं कामच आहे. एकतीस वर्षं बियाण्याच्या कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधून काढून मी पगार घेतला आहे. “तुम्ही काहून गप बसून राह्यले?” गंधाली माझ्यावर घसरली. “एरवी बटाट्याला डाग दिसला तर भाजीवाल्याची उलटतपासणी घेता. इथं जिवाचा प्रश्न आहे अन् म्हशीकडे बघताय.” मी म्हटलं, बघू. शौनक म्हणाला, “बघायला टाइम न्हाई काका. कड स्वच्छ आहे का, म्हणजे गाठ पुरती निघाली का, ते कळत न्हाई, म्हणून आपण ती खराबच धरायची. सोमवारी परत घेऊ. या वेळी डावीकडची सडांची सगळी रांगच काढून टाकू.” “अन् तिचं हृदय?” “आवाज येतोय थोडा. मागच्या वेळी भुलीतून उठायला तिला किती उशीर लागल्ता, मी विसरलो न्हाई. जोखीम आहे. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?” बाजरीनं त्याचा आवाज ओळखून शेपूट दोनदा फरशीवर आपटलं. ज्यानं कापलं त्याच्यासाठीही शेपूट हलवणारा हा प्राणी. वैताग येतो अशा चांगुलपणाचा.

गाठ पहिल्यांदा गंधालीच्या हाताला लागली होती, दिवाळीनंतर, आंघोळ घालताना. हरभऱ्याएवढी, मग चिंचोक्याएवढी, मग लिंबाएवढी. तेव्हापासून आमच्या फाटकाशी जी जी माणसं थांबली त्यांचा माझ्या डोक्यात एक हिशेब तयार आहे. “कुत्र्याला पण कॅन्सर होतो का?” असं विचारणारे चौदा. त्यातले पाचजण विचारता विचारता स्वतःच्या काखेकडे किंवा गळ्याकडे हात नेणारे. “अकरा वर्षं म्हंजे झालंच की तिचं” म्हणणारे सहा, आणि त्या सहांतले चार स्वतः सत्तरीच्या पुढचे. एरंडाचं पान गरम करून बांधा, असं सांगणारी एक, ती आमच्याकडे भांडी घासणारी बेबीनंदा. निदान तिनं दुसऱ्या दिवशी पानं आणून तरी दिली. शिवाय आमच्या घरातला एक जुना वाद, जो गाठीबरोबर पुन्हा वर आला. माजावर येण्याआधी गर्भपिशवी काढून टाकली असती तर हे बहुतेक झालंच नसतं, असं शौनक पहिल्याच दिवशी बोलून गेला. झालं. गंधाली म्हणते, मी तेव्हाच म्हणत होते, तुम्ही म्हणालात बघू. मला आठवतं की ती म्हणाली होती, एकदा पिल्लं होऊ देत, आणि मी फक्त नाही म्हटलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळचा नमुना कुणाकडेच शिल्लक नाही, त्यामुळे निकाल लागत नाही. बाजरी आम्हाला कंपनीच्या फाटकाशी मिळाली होती, बाजरीच्या पोत्यांमागे, त्याच रंगाची. समोरच्या रोलिंग मिलची काजळी तिच्या पाठीवर बसलेली होती. मी तिला खोक्यात बसवून घरी आणलं. रोज सकाळी फिरायला जाताना माझ्या खिशात एक बिस्कीट असतं. जाताना निम्मं देतो, निम्मं येतानासाठी ठेवतो. अकरा वर्षांत तिनं कधी पूर्ण बिस्कीट एका वेळी खाल्लेलं नाही. तिला बिस्कीट अर्धगोल असतं असंच वाटत असणार.

त्या रिपोर्टात टाक्याच्या वाक्याखाली आकडे होते आणि आकड्यांवर माझी भिस्त. गाठ कॅन्सरचीच, हे वर आलं होतं. खाली एक ओळ होती, केआय-सदुसष्ट, सत्तावीस टक्के. “म्हणजे शंभर पेशी मोजल्या तर त्यातल्या सत्तावीस वाढायच्या तयारीत आहेत,” शौनकनं समजावलं, “त्या खुणेचा रंग त्यांनाच चढतो.” मी विचारलं, मर्यादा किती? किती टक्क्यांच्या आत पास? सोयाबीनला उगवण सत्तर टक्के लागते, एकोणसत्तर आली तर अख्खा लॉट नापास, मग कुणाचाही फोन येवो. तो म्हणाला, तसं न्हाई काका. कुणी वीस धरतं, कुणी तीसच्या पुढे धरतं, लॅबगणिक फरक पडतो. जास्त असेल तर वाईट, एवढं नक्की. “मंग आकडा देता कशाला?” मी म्हटलं. “अंदाज यावा म्हणून.” अंदाज! अंदाज तर फाटकाशी थांबलेले सहाजणही देत होते, फुकट. दुसरी ओळ इस्ट्रोजेनच्या खुणेची, ती होती म्हणे, आणि ती असणं त्यातल्या त्यात बरं. मी वाचून ठेवलं होतं म्हणून रक्तातल्या एका तपासणीबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, ती माणसांत चालते, कुत्र्यांत अजून अभ्यास चालू आहे. म्हणजे एक आकडा मधला, एक खूण बरी, एक अभ्यासात, आणि जी गोष्ट बिनआकड्याची, साध्या डोळ्यांची, गाठीची कड स्वच्छ आहे की नाही, तीच नेमकी गहाळ. घरी येताना, मंठा चौफुलीवर ट्रॅक्टर आडवा लागला होता तेव्हा, मला उगाच सुचलं की मी आयुष्यभर उगवणाऱ्यांची बाजू घेत आलो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, आठव्या दिवशी उघडायचे, किती मोड आले ते मोजायचे; जास्त आले की बरं वाटायचं. इथे प्रत्येक मोड माझ्या कुत्रीच्या विरुद्ध.

आता धाग्याचं. तो कुठे आहे ते मला माहीत होतं. ऑपरेशन झालं त्या दिवशी शौनक म्हणाला होता, “काका, तुम्ही तर लॅबवालेच. कुरिअरचं पॅकिंग तुमच्याकडूनच नीट होईल, तेवढं करा.” बाटली माझ्या हातात दिली. मला बरं वाटलं, लपवत नाही. मी ती कंपनीत नेली, माझ्या टेबलावर ठेवली, हातमोजे घातले, नोंदवहीत तारीख टाकली, आणि एकतीस वर्षं जे हात करत आले तेच हातांनी केलं. आमच्याकडे बाहेर जाणारा कुठलाही नमुना अख्खा जात नाही. निम्मा जातो, निम्मा सील करून आपल्याकडे राहतो, दोन वर्षं. त्याला गार्ड सॅम्पल म्हणतात. बाहेरच्यानं हरवलं, सांडलं, खोटं ठरवलं, तर आपल्या हातात काहीतरी असावं. मी गाठ झाकणावर घेतली आणि ब्लेडनं मधोमध कापली. आतून ती कच्च्या सीताफळासारखी पांढुरकी निघाली, तिचे दोन भाग सारखे आले याचं मला समाधानही वाटलं. धागा कुठल्या भागात गेला हे मी बघितलं नाही. धागा म्हणजे टाका, टाका म्हणजे ऑपरेशनचा कचरा, असं काहीतरी मी धरून चाललो असेन. एक निम्मा भाग कुरिअरनं गेला. दुसरा फॉर्मेलिनमध्ये, माझ्या अक्षरातल्या लेबलासह, वातानुकूलित खोलीत तिसऱ्या फळीवर: “बाजरी, राखीव, दोन वर्षे जपावे.” तो बाजरीच्या बियाण्याच्याच बाटल्यांच्या रांगेत उभा आहे. चोवीस दिवसांत कुणाला संशय आला नाही. मलाही नाही. मला वाटत होतं, मी खबरदारी घेतली आहे. आणि शनिवारी “एका बाजूने कापलेला” हे शब्द कानावर आले तेव्हा ते ब्लेड माझं, हे मला काही सेकंद स्वच्छ दिसलं. त्याच्या पाठोपाठ लगेच वैताग आला, शौनकचा, की याला सांगता येत नव्हतं का गाठ कापायची नसते म्हणून. लॅबचा, की अर्ध्यावर भागत नाही कसलं. वसंताचा, की एवढा ठामपणे धागा होता, होता म्हणायची काय गरज. माझ्या चुकीनं माझ्यावर येण्याआधी तीन घरं फिरून घेतलं.

हे सांगायला काय लागतं? एक वाक्य लागतं. दवाखान्यातच तोंडाशी आलं होतं, पण गंधाली तेव्हा शौनकला सुनावत होती, “आमचे हे असते तर अशी चूक झाली नसती,” आणि ते ऐकल्यावर वाक्य परत आत गेलं. तसं ते पूर्वीही गेलेलं आहे. टेंभुर्णीचा कचरू म्हणून एक शेतकरी, सोळा-सतरा वर्षं झाली असतील, आमचं सोयाबीन पेरून बसला होता आणि उगवलं नव्हतं. रांगेत हातभर अंतरावर एक रोप. तक्रार झाली, चौकशी झाली, मी गार्ड सॅम्पल काढलं, सगळ्यांच्या देखत दाणे लावले. ब्याऐंशी टक्के. कागद बराबर, कंपनी बराबर, मी बराबर. ऑफिसात त्या दिवशी माझ्या पाठीवर थापा पडल्या. कचरू बाटलीकडे बघत उभा होता. “साहेब,” तो शांतपणे म्हणाला, “तुमच्या बाटलीत उगवलं. माझ्या वावरात न्हाई उगवलं.” त्याच्याजवळ वर्तमानपत्रात बांधलेलं ढेकूळ होतं, त्यात चार कुजलेले दाणे, ते त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. मला तेव्हाही माहीत होतं, पोती एप्रिल-मे पत्र्याच्या गोदामात होती, आत उभं राहवत नव्हतं, आणि माझी बाटली वातानुकूलित खोलीत. दोन्ही एकाच लॉटचे, आणि एकसारखे मुळीच नाहीत. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या ढेकळाची माती टेबलावरून पुसली तरी ड्रॉवरच्या फटीत किती दिवस राहिली होती. पेन काढताना बोटाला लागायची.

रविवारी दुपारी वसंता घरी आला. मी पेपर तोंडासमोर धरला, पण तो माझ्याकडे आलाच नव्हता. तो गंधालीकडे आला होता. दारातच चपला काढून उभा राहिला. “वहिनी, जखम बघायला आलतो. अन् एक सांगायचं व्हतं. धागा व्हता. पोरीची शप्पथ. मी बाटलीत टाकताना म्हणलो पण व्हतो मनात, हे शेपूट लांब ठेवलंय साहेबांनी.” “अहो वसंतभाऊ, बसा आधी.” “बसतो की. पण साहेब म्हणले, उद्यापास्नं आत येऊ नको, टेबलापाशी. बाहेर केसपेपर काढ. वीस वर्षं मी जनावर धरून राह्यलो वहिनी. बैल धरले, घोडं धरलं. केसपेपर काढायला मला लिहायला तरी जल्दी येतं का?” बाजरी उठून त्याच्याजवळ गेली आणि उताणी झाली. ती फक्त त्याच्यापुढे उताणी होते, माझ्यापुढे बसते. त्यानं रेघेवरून अंगठा फिरवला, वास घेतला, म्हणाला, जखम झाक भरली. “उद्या उपाशी आणा. रात्रीपास्नं काही देऊ नका, पाणी पण सकाळी बंद.” मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून, “साहेब, तुम्ही पॅक केलं तवा पाह्यला असंल ना धागा? तुम्ही बारीक बघता.” पेपरात बाजारभावाचं पान होतं. मी म्हटलं, “आठवत नाही बुवा. चहा घ्या.” गंधालीनं मान वर केली. लग्नाच्या चौतीस वर्षांत तिनं माझ्या तोंडून “आठवत नाही” किती वेळा ऐकलं असेल याचा आकडा तिच्याकडेही असणार, आणि तो एका हाताच्या बोटांपुढे जात नसणार. वसंता गेल्यावर पुण्याहून यशश्रीचा, आमच्या मुलीचा, व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, “बाबा, ती परत भूल सहन करेल का? खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं?” मी सत्तावीस टक्क्यांबद्दल सांगायला लागलो. “बाबा, मी टक्के नाही विचारले.” पडद्यावर ती वाट बघत होती, मी फोन बाजरीच्या तोंडासमोर धरला. माझ्या घरातल्या दोन बायकांना मी काय देतो याचा विचार मी कधी केला नव्हता असं नाही. जे बोलायचं त्यातलं निम्मं देतो, निम्मं सील करून ठेवतो, की उद्या कुणी खोटं ठरवलं तर आपल्या हातात असावं. चौतीस वर्षांत कुणी खोटं ठरवलेलं नाही. फळ्या तेवढ्या भरल्या आहेत.

सोमवारी सकाळी गंधालीला आणि बाजरीला रिक्षातून पुढे पाठवलं. “तुम्ही?” “कंपनीत एक काम आहे. दहा मिनिटांत आलोच.” “आज? आज कसलं काम?” मी स्कूटर सुरू केली होती. वातानुकूलित खोलीत तिसऱ्या फळीवर बाजरीच्या चोवीस बाटल्या, पंचविसावी ही. बाटली धरली तर आत निम्मा भाग हळूच फिरला आणि काळा धागा काचेला टेकला. चांगला बोटभर होता. लांबच ठेवला होता शौनकनं शेपूट. वसंता बराबर बोलला होता. मी नोंदवहीत जावक लिहायला गेलो आणि “कारण” या रकान्यापाशी अडलो. रिकामा सोडला. एकतीस वर्षांतला पहिला. रस्त्यात मिलची पाळी सुटली होती, सगळ्या मोटारसायकली माझ्यासमोरून येत होत्या, आणि डिकीत ठेवायच्या ऐवजी मी बाटली शर्टाच्या आत धरली होती, एका हातानं स्कूटर चालवत, या वयात, गाढवासारखा. तिथे पोचेपर्यंत भूल दिली असेल तर? सांगता आलं असतं शनिवारी. रविवारी दोनदा. हा हिशेब मी पूर्ण रस्ताभर करत होतो आणि तो कुणावर ढकलायला वाटेत एकही माणूस सापडत नव्हता.

बाजरी टेबलावर होती, पुढच्या पायाचे केस भादरून झाले होते, सुई अजून लागली नव्हती. तिचं डोकं गंधालीच्या हातात. वसंता दाराबाहेर केसपेपरच्या टेबलाशी बसलेला. मी आत जाऊन बाटली ट्रेमध्ये, कात्र्यांच्या शेजारी ठेवली. शौनकनं लेबल वाचलं. “काका, बियाणं इथं कशाला?” “बियाणं नाही. तिचीच आहे. मी कापली. निम्मी ठेवून घेतली होती.” “कशाला?” याला उत्तर होतं, छापील नियमपुस्तकात पान होतं, पण मी म्हटलं, “सवय.” शौनकनं बाटली उजेडात धरली. बाजरीची नखं टेबलाच्या पत्र्यावर वाजत होती. वसंता दारापर्यंत आला होता. “ह्योच की,” तो म्हणाला, “ह्योच धागा.” आवाजात विजय नव्हता, हेच मला जड गेलं. शौनकनं लॅबला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या असाव्यात की महिना होत आला तरी कड दिसेल, दोन भाग जुळवून बघू. कारण शौनकनं हातमोजे काढून टाकले. “आज काही करायचं न्हाई. कड स्वच्छ निघाली तर मी हिला हातच लावणार न्हाई. दर दोन महिन्यांनी छातीचा फोटो काढत राहू. न निघाली तर मंग बघू.” मग थोडं थांबून, दाराकडे न बघता, “वसंतभाऊ, ते माझं जरा—” “ऱ्हाऊ द्या साहेब.” वसंता आत आला, कुणाकडे न बघता ट्रे उचलला, आणि मी सवयीनं बाटलीकडे हात केला तसा त्यानं ती माझ्यापासून अलगद दूर घेतली. “पॅकिंग मी करतो. तुम्ही बसा तिकडं, कुत्रीपाशी.”

बाहेर पायरीवर आम्ही तिघं बसलो. मी वाट बघत होतो की गंधालीनं सुरुवात करावी, शनिवारपासूनचं सगळं काढावं, म्हणजे मला चिडता तरी येईल. ती समोरच्या लिंबाखालच्या शेळ्यांकडे बघत होती. “शौनकला काय काय बोलले मी,” ती एवढंच म्हणाली. आणि मग, “कालपण तुम्हाला माहीत होतं. वसंता विचारत होता तेव्हा.” “होतं.” “मी तुमच्याकडे बघत होते.” “माहीत आहे.” बाजरी रात्रीपासून उपाशी होती. तिनं माझ्या खिशाला नाक लावलं, एकदा, दोनदा, मग पंजानं पायजमा ओढला. मी बिस्कीट काढलं आणि हातांनी आपोआप त्याचे दोन तुकडे केले, एक तिच्या तोंडासमोर आला, दुसरा खिशाकडे निघाला. “ते कुठं चाललं?” गंधाली म्हणाली. हात खिशाच्या तोंडापाशी थांबला. बाजरी आधी एका हाताकडे बघत होती, मग दुसऱ्या.